ताईचा कॉम्प्युटर आणि पाळकांची डुकरीण

प्रशांत महासागराच्या या भागातला सर्वश्रेष्ठ गुप्तहेर मी आहे. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं, कारण ते खोटं ठरवणं अवघड आहे. आमच्या लिफुका बेटावर दुसरा गुप्तहेर नाही. दुसरा असता तर मी दुसरा आलो असतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

माझी नजर घारीची आहे. म्हणजे डाव्या डोळ्याची. उजव्यात मोतीबिंदू आहे. समोरच्याच्या चपलेला लागलेल्या मातीवरून तो कुठून आला हे मी सांगू शकतो. बेटावर रस्ता एकच आणि माती एकाच रंगाची असल्यामुळे माझं उत्तर सहसा बरोबर येतं. शाळेच्या ग्रंथालयात मी छत्तीस वर्षं काढली. तिथे रहस्यकथांचं एक कपाट होतं. त्यातल्या एकशे एक्केचाळीस पुस्तकांपैकी एकोणचाळीस पुस्तकांची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. त्यांतले खुनी मी स्वतःच शोधून काढले. माझी तर्कबुद्धी घडली ती त्या एकोणचाळीस पुस्तकांवर, आणि त्यात मी एकदाही चुकलो नाही. निदान तसं कोणी मला दाखवून दिलेलं नाही.

माझं नाव मानासे. माझी सहाय्यक माझी बायको लुपे. हे पद तिने स्वीकारल्याचं मला आठवत नाही. नाकारल्याचंही आठवत नाही, पण ती बोलत असते तेव्हा मी बहुधा विचारात असतो, त्यामुळे खात्री देता येत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लुपे माझ्या ताईकडून आली ती थेट माझ्या टेबलापाशी.

"वन्सं म्हणतात, एवढी पुस्तकं वाचलीत तर त्यांचा कॉम्प्युटर बघा जरा."

"पुस्तकं वाचली की कॉम्प्युटर येतो?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, नाही आला तर नाही आला, पण घरी बसून तरी काय दिवे लावतोय?"

प्रकरण असं होतं. ताईची लेक लाविनिया होनोलुलूला असते. तिने गेल्या नाताळात जहाजाने एक खोकं पाठवलं, त्यात हा कॉम्प्युटर होता. थोडा जुना, पण पडदा हातभर रुंद. लाविनियाची मुलगी एसेता सात वर्षांची आहे. ताईने तिला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, कारण ताईच्या हृदयाला विमानप्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी फाकामे असतो. त्या दिवशी सगळी लेकरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये उभी राहतात आणि पाठ केलेल्या ओळी म्हणतात. यंदा एसेता होनोलुलूतल्या आमच्या लोकांच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आपल्या भाषेतल्या अकरा ओळी म्हणणार होती. त्या ओळी ताईने जानेवारीपासून रोज फोनवर तिच्याकडून घोटून घेतल्या होत्या. आणि नेमका आता चेहरे दाखवणारा तो प्रोग्रॅम उघडेना. पडद्यावर येत होतं की आधी कॉम्प्युटरची संपूर्ण प्रणाली अपडेट करा, मग बोलू.

"माझ्या फोनवर बघा म्हटलं मी त्यांना," लुपे म्हणाली.

"मग?"

"म्हणाल्या, त्यात पोर शेंगदाण्याएवढी दिसते. मला तिचे दात पडलेत का ते बघायचंय."

मी चष्मा पुसला. मोठा गुप्तहेर प्रकरण हाती घेण्यापूर्वी चष्मा पुसतो. शिवाय तो मळलेला होता.

अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी होती. ताई माझी थोरली बहीण आहे. आमच्याकडे भाऊ-बहीण मोठे झाले की एका खोलीत बसत नाहीत, एकत्र बसून पडद्यावर काही बघत नाहीत, आणि भाऊ बहिणीला जाब तर कधीच विचारत नाही. बहिणीचा मान मोठा. गेली साठ वर्षं मी ताईशी हवामान, प्रार्थना आणि मयत या तीनच विषयांवर बोलत आलो आहे, आणि तेही अंगणातल्या पायरीवरून. म्हणजे कॉम्प्युटर ताईच्या पुढच्या खोलीत, आणि ताई पुढच्या खोलीत. ती घरात असेपर्यंत मी त्या यंत्रासमोर बसू शकत नव्हतो.

मी ताईच्या हालचालींचा अभ्यास केला. लुपेने तो आधीच केलेला होता. शनिवारी दुपारी एक ते चार ताई बायकांबरोबर चर्च झाडायला जाते, आणि सोमवारी सकाळी चटया विणायला सभागृहात. बाकी वेळ ती घरीच.

पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता मी यंत्रासमोर बसलो आणि अपडेट सुरू केलं. आमच्या बेटावर इंटरनेट अंगणात रांगणाऱ्या बाळाच्या वेगाने येतं. पडद्यावर आकडा आला: वीस तास. खाली इंग्रजीत सूचना होती, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. मी बंद केला नाही. ताई यायच्या आत घरी परतलो.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे टेबल आवरलं, पेनाला टोपण घातलं, रेडिओ बंद केला, दुसऱ्या दिवशीच्या जमिनीतल्या भट्टीसाठी लाकडं रचून ठेवली. रविवारी आमच्याकडे कोणी काम करत नाही, तसा कायदाच आहे. त्यामुळे तपासालाही सुट्टी होती. रविवारी आम्ही दोनदा चर्चला गेलो, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं पोटभर खाल्ली आणि झोपलो.

सोमवारी सकाळी जाऊन पाहतो तर पडद्यावर लिहिलेलं: अपडेट पूर्ण झालं नाही. बदल मागे घेत आहोत.

ते बदल मागे घेणं दुपारपर्यंत चाललं होतं. मी पडद्याकडे पाहत राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला.

"लुपे, हा अपघात नाही."

"मग काय आहे?"

"घातपात."

"चहा घेणार का?" लुपे म्हणाली. सहाय्यकाने शांत राहावं असं सगळ्याच पुस्तकांत आहे, पण इतकं शांत नाही.

पहिला संशयित उघड होता. ताईच्या शेजारचा होपोआते शनिवारी रात्री रग्बीचे सामने मोठ्या आवाजात बघतो. सगळं इंटरनेट त्यानेच ओढून घेतलं असणार. बुधवारी मी त्याच्या कुंपणापाशी उभा राहिलो. लाजाळू माणसाला उलटतपासणी घेणं जड जातं, म्हणून मी आधी तब्येत विचारली, मग पाऊस, मग त्याच्या आईची तब्येत. शेवटी दम धरून म्हणालो,

"होपोआते, शनिवारी ताईचं इंटरनेट तू पळवलंस, बरोबर ना?"

"हो की, काका," तो म्हणाला.

मला घाम फुटला. एवढ्या लवकर कबुली माझ्या एकाही पुस्तकात नव्हती.

"का पळवलंस?"

"ते मला कसं ठाऊक असणार? तुम्ही म्हणताय ना पळवलं, मग पळवलं असणार. तुम्ही एवढे शिकलेले. मी कशाला नाही म्हणू?"

"शनिवारी रात्री तू कुठे होतास?"

"राजधानीला. मेव्हण्याच्या लग्नाला. काल आलो जहाजाने. पण तुम्हाला पाहिजे तर मी इथे होतो म्हणून सांगतो."

त्याने मला जाताना एक मासा दिला. संशयिताकडून मासा घ्यावा की नाही याबद्दल पुस्तकांत काही नाही. लुपेने तो तळला.

दुसरा शनिवार, दुसरा सोमवार, तोच निरोप. या वेळी खाली एक लांबलचक क्रमांक होता. त्यातली शून्यं आणि अक्षरं गाळल्यावर माझ्या हाती तीनशे सत्त्याऐंशी उरले. तीनशे सत्त्याऐंशी! सामान्य माणसाला यात काही दिसलं नसतं. मी स्तोत्रसंग्रह काढला आणि तीनशे सत्त्याऐंशीवं स्तोत्र उघडलं. ते वादळात सापडलेल्या नावाड्यांचं होतं.

"समुद्र!" मी ओरडलो. "लुपे, दोष समुद्रात आहे. समुद्राखालून जी इंटरनेटची तार येते, तिला काहीतरी झालंय."

"मग होपोआतेचं कसं चालतंय?"

"त्याच्याकडे येणारी तार वेगळी असेल."

"बरं. छत्री घेऊन जा."

मी छत्री घेतली नाही. धक्क्यावर दोन तास उभा राहून समुद्राचं निरीक्षण केलं. समुद्र निळा होता. संध्याकाळपर्यंत माझं नाक भोपळ्यासारखं लाल झालं, आणि चार दिवस लुपेने त्यावर खोबरेल चोळलं. चोळताना ती हसत नव्हती, असं तिचं म्हणणं आहे.

आता साक्षीदाराची जबानी घेणं भागच होतं. साक्षीदार एकच, ताई. मी तिला प्रश्न विचारू शकत नव्हतो, म्हणून तो कागदावर लिहून लुपेच्या हातात दिला: "शनिवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी सातपर्यंत यंत्राजवळ कोण कोण गेलं, किती वेळ, आणि कोणत्या हेतूने?"

लुपे गेली आणि अर्ध्या तासाने परत आली.

"काय म्हणाली?"

"गुडघा दुखतोय म्हणाल्या."

"मी गुडघ्याचं विचारलं नव्हतं!"

"मी विचारलं. अहो, थोरल्या नणंदेला मी 'कोणत्या हेतूने' विचारू? त्या मला हेतूसकट बाहेर काढतील."

"माझा कागद?"

"त्याच्यात त्यांनी मिरच्या बांधून दिल्यात. या घ्या."

अशा परिस्थितीत मी काम करत होतो, हे माझ्या टीकाकारांनी लक्षात घ्यावं. टीकाकार म्हणजे लुपेच.

तरी तिसऱ्या शनिवारी मला एक खरा धागा मिळाला. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ असतं. माझ्या हातातल्या घड्याळात शनिवार दुपारचे दोन. पडद्यावरच्या घड्याळात शुक्रवार दुपारचे तीन! एक तास पुढे आणि एक दिवस मागे. कोणीतरी या यंत्राचा एक दिवस चोरला होता. एवढी धाडसी चोरी मी कुठेही वाचलेली नव्हती, आणि वाळवीने खाल्लेल्या पानांतही असेलसं वाटत नाही. मी ते घड्याळ दुरुस्त करायला हात पुढे केला, तोच दारातून लुपे म्हणाली, "हात लावू नका! वन्संनी मुद्दाम तसंच ठेवलंय. ते होनोलुलूचं घड्याळ आहे. लाविनियाकडे किती वाजले, पोर उठली की नाही, ते त्या त्याच्यात बघतात."

मी वहीतल्या "काळाची चोरी" या शीर्षकावर काट मारली. खाली लिहिलं, "महत्त्वाचं नाही." हे वाक्य मी आता रोज एकदा वाचतो. गर्व कमी होतो.

तिसऱ्या सोमवारीही अपडेट फसलेलंच होतं. मी घराभोवती फेरी मारली आणि जिथे विजेची तार भिंतीत शिरते त्या खांबाला चार राखाडी केस चिकटलेले सापडले. राठ, जाड केस. मी ते पाकिटात घातले आणि माझ्या मनात एकेक दुवा जुळत गेला. बेटावर असे केस असलेली एकच व्यक्ती मोकळी फिरते: चर्चच्या पाळकांची थोरली डुकरीण. ती खांबाला पाठ घासते, खांब हलतो, तार सुटते, वीज क्षणभर जाते, आणि वीज गेली की हे जुनं यंत्र पुन्हा शून्यापासून सुरुवात करतं. तर्क इतका सुरेख होता की मी तो दोनदा लिहून काढला.

"पाळकांच्या डुकरिणीला कॉम्प्युटरचं काय वावडं?" लुपेने विचारलं.

"हेतू नंतर सापडेल. आधी रंगेहाथ पकडायचं."

शेवटचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फाकामे, आणि होनोलुलूकडे त्याच्याही दुसऱ्या दिवशी, कारण आम्ही सगळ्या जगाच्या आधी उठतो आणि ते जवळजवळ सगळ्यांच्या नंतर. त्यांच्या रविवारी सकाळी दहाला एसेता उभी राहणार होती, तेव्हा आमच्याकडे सोमवारचे नऊ वाजलेले असणार. आता हा एकच डाव उरला होता. सकाळी ताईने लुपेला पेटीतून काढलेला एक पांढरा पोशाख दाखवला म्हणे. सोमवारी पडद्यासमोर बसताना घालायला.

दोन वाजता मी अपडेट सुरू केलं. चारला बाहेर पडलो, पण घरी गेलो नाही. ताईच्या मागच्या अंगणात स्वयंपाकाची छपरी आहे, तिथे नारळांच्या ढिगामागे काठी घेऊन बसलो. डुकरीण पावणेपाचला आली. खांबाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग आडवी होऊन तिने डोळे मिटले. मी श्वास रोखून तिच्यावर नजर ठेवली. घराची खिडकी माझ्या पाठीशी होती.

सूर्य मावळताना लुपे अळूच्या पानांचा भारा घेऊन ताईकडे द्यायला आली.

"अहो! इथे काय करताय?"

"हळू बोल. गुन्हेगार हातभर अंतरावर आहे."

"ही? ही तर घोरतेय."

"सोंग आहे."

लुपेने माझ्या डोक्यावरून खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, मागे वळा."

"नजर हटवता येणार नाही. हिची हीच वेळ आहे."

"तुमच्या गुन्हेगाराने आत्ता पंखा बंद केला."

"कोणी?"

"आता इस्त्री. आता रेडिओ. आता कॉम्प्युटरकडे निघालाय, गुडघा धरून."

मी वळलो. काचेच्या पट्ट्यांमधून ताईचा हात दिसला, भिंतीवरच्या बटणाकडे जाणारा. लुपेच्या हातातून अळू खाली पडलं.

"वन्सं! थांबा!"

डुकरीण दचकून उठली आणि माझ्या पायावरून पळून गेली. लुपे धावत घरात शिरली. मी भिंतीला चिकटून बसलो. बहिणीच्या घरचं बोलणं चोरून ऐकू नये, पण उठायला पाय शाबूत नव्हता.

"काय गं? शनिवारच्या संध्याकाळी एवढं ओरडायला काय झालं?" ताईचा आवाज.

"वन्सं, हा तुम्ही बंद करता?"

"मग? उद्या रविवार आहे."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी. पंखा, इस्त्री, रेडिओ, आणि नाताळपासून हा. सोमवारी उठले की सगळ्यांना पुन्हा चालू करते. यात विचारण्यासारखं काय आहे? तू नाही करत?"

"त्याच्यावर लिहिलंय ना, बंद करू नका म्हणून."

"वाचता येतं मला. बिचाऱ्याला कोणी वळण लावलं नाही, त्याला तो काय करणार? माझ्या घरात रविवारी कोणी राबत नाही. माणूस नाही आणि यंत्रही नाही."

"फ्रीज चालू असतो की, वन्सं."

"फ्रीज कुठे राबतो? फ्रीज नुसता थंड बसलेला असतो. मानासेसारखा."

लुपेने तिला सगळं सांगितलं: वीस तास, मध्ये बंद झालं की पुन्हा शून्य. ऐकता ऐकता ताई खाली बसली असावी. खुर्ची करकरली.

"म्हणजे तीन आठवडे मीच?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं."

"कोणी विचारलं का नाही मला?"

 लुपे खिडकीकडे पाहत असावी.

"बाहेर आहे ना तो?" ताई म्हणाली. "नारळांच्या मागे? पावणेपाचपासून त्याचं टक्कल दिसतंय मला. मला वाटलं, डुकरिणीशी काही काम असेल."

मी टक्कल खाली घातलं. छत्तीस वर्षांचं वाचन, पाकिटातले चार केस, सोललेलं नाक, सगळं माझ्यासमोरून गेलं. मी स्वतः दर शनिवारी संध्याकाळी रेडिओ बंद करतो. तेच ताईही करत असेल हे मला सुचलं नाही, कारण श्वास घेण्याची नोंद कोणी वहीत करत नाही. आणि मी शनिवारीच का यायचो, तर ताईचा मान राखायला. त्या मानापायीच यंत्राच्या वाट्याला फक्त चार तास येत होते. घातपात झाला होता हे खरं. तो आम्ही दोघांनी मिळून, अतिशय अदबीने केला होता.

"अजून किती तास राहिलेत?" ताईने विचारलं.

"सोळा."

"म्हणजे रविवार."

"हो."

ताई उठली असावी. बटणाशी तिचा आवाज अगदी हळू आला. "मग नाही जमत, लुपे. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मोडला नाही तो आता काय मोडायचा. लाविनियाला म्हणावं, पोरीला सांग आजीने ऐकलं म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे तेही खोटं. आणि पोर चर्चमध्ये उभी असताना."

इथे खऱ्या गुप्तहेराने पुढे येऊन काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्या डोक्यात एकही तर्क नव्हता. बरा असो वा वाईट, एकही नाही.

"वन्सं," लुपे म्हणाली, "ते कोपऱ्यातलं घड्याळ वाचा बरं."

"माझ्या डोळ्यांनी? तूच वाच."

"संध्याकाळचे सात वाजून दहा. वार शुक्रवार."

"होनोलुलूचं आहे ते."

"घड्याळच कशाला, हा सगळा होनोलुलूचाच. खोक्यात बसून पाहुणा आलाय आपल्याकडे. उद्या त्याचा वार कोणता?"

"शनिवार."

"मग पाहुण्याने त्याच्या शनिवारी काम केलं तर तुमचा रविवार कसा मोडेल?"

 डुकरीण परत येऊन माझ्याशेजारी बसली. तीही ऐकत होती.

"आणि त्याच्या रविवारी?" ताईने विचारलं. तिचा आवाज मी ओळखतो. लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा ताई असंच पुढचं विचारायची.

"त्याच्या रविवारी तो काही काम करणार नाही. सकाळी दहाला फक्त चर्चला जाईल. आपल्या सोमवारी नऊला. तुम्हाला सोबत घेऊन."

"पाळकांना विचारायला हवं."

"पाळक आत्ता डुकरीण शोधत हिंडत असतील."

ताई हसली. माझी ताई हसताना मी किती वर्षांनी ऐकली, हे मोजायचं धाडस मला झालं नाही.

"देवाला मीच सांगेन," ती म्हणाली. "त्याला दोन्हीकडची घड्याळं कळतात. पण लुपे, पेटीतून ती झाडाच्या सालीची चादर काढ. झाकून ठेवू याला. प्रार्थनेला येणाऱ्यांना हा राबताना दिसता कामा नये."

रविवारी दिवसभर तो यंत्रपाहुणा नक्षीदार चादर पांघरून कोपऱ्यात बसून होता. दुपारच्या प्रार्थनेला बायका जमल्या तेव्हा चादरीखालून बारीक घरघर ऐकू येत होती, असं लुपे सांगते. एकीने विचारलं, हे काय? ताई म्हणाली, "होनोलुलूचा पाहुणा आहे. झोपलाय."

सोमवारी सकाळी नऊला पाच मिनिटं असताना मी ताईच्या खिडकीबाहेर उभा होतो. आत लुपे आणि ताई, आणि मधे तो पडदा. पडद्याची फक्त पाठ मला दिसत होती: काळी, चार स्क्रू असलेली. एकत्र बसून बघायचं नाही ही रीत आहे, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. मला ताईचा चेहरा दिसत होता. तो अचानक निळसर उजळला, तेव्हा अपडेट यशस्वी झाल्याचं मी अनुमान काढलं. या प्रकरणातलं माझं हे पहिलं बरोबर अनुमान.

"दात पडलाय!" ताई ओरडली. "लुपे, पुढचा पडलाय!"

एसेताच्या ओळी सुरू झाल्या. बारीक, घाईघाईचा आवाज. एक, दोन, तीन, मी बोटांवर मोजत होतो. सातव्या ओळीनंतर आवाज थांबला. होनोलुलूचं चर्च थांबलं. ताईचे ओठ हलायला लागले, आणि मग ती मोठ्याने, शाळेतल्या बाईंसारखी, आठवी ओळ म्हणाली. लाविनिया पहिल्याच बाकावर फोन धरून बसली असावी, कारण तिकडून आधी सगळ्यांचा हशा आला, मग एसेताची आठवी ओळ, नववी, दहावी, अकरावी, आणि मग सगळं चर्च "मालिए! मालिए!" म्हणून ओरडलं. आमच्याकडे शाबासकी अशीच देतात.

मी काठीवर हात ठेवून मागे सरकलो. प्रकरण संपलं होतं.

"लुपे," आतून ताई म्हणाली. तिने खिडकीकडे पाहिलं नाही. "ऊन येतंय डोळ्यांवर. हा पडदा जरा तिकडे फिरव."

"कुठे, वन्सं?"

"खिडकीकडे. आणखी थोडा. बाहेर जे कोणी असेल त्याला म्हणावं, मी आता इथे आतल्या दारापाशी जाऊन बसलेय. मला काही दिसत नाही."

ऊन घराच्या दुसऱ्या बाजूला होतं. मी गुप्तहेर आहे, एवढं मला कळतं.

पडदा हळूहळू वळला. पांढऱ्या फ्रॉकमधली एक पोर, कमरेला चटईचा छोटा पट्टा बांधलेली, पुढचा दात नसलेली, माझ्याकडे बघून हात हलवत होती. डाव्या डोळ्याने ती मला स्वच्छ दिसली. मग डावाही उजव्यासारखा धुरकट झाला.

लुपे बाहेर आली तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

"छपरीतला धूर," मी म्हणालो. "डोळ्यांत गेला."

"चूल कालपासून विझलेली आहे," लुपे म्हणाली, आणि झग्याच्या टोकाने माझा चष्मा पुसायला घेतला.